मागच्या रांगेतल्या आजीला कळेल असं गाणं : खेड्यातल्या नव्या कीबोर्डवाल्यासाठी

माझा पहिला प्रबोधनाचा कार्यक्रम यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, मारुतीच्या पारासमोर झाला. दारूवरची पाच गाणी मीच लिहिली होती, चाली मीच बसवल्या होत्या, आणि कीबोर्डवर स्ट्रिंगचा, म्हणजे व्हायोलिनच्या ताफ्यासारखा, भरदार आवाज लावून दीड तास मन लावून वाजवलं. टाळ्या भरपूर पडल्या. सामान आवरत होतो, तेव्हा मागच्या रांगेत बसलेली एक आजी काठी टेकत जवळ आली. म्हणाली, "बाबू, वाजवलं तं लय चांगलं. पण तू म्हणत काय होता, थे काही समजलं नाही." तिचा धाकटा मुलगा दारूपायी गेला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. गाणं जिच्यासाठी लिहिलं होतं, नेमकं तिलाच ते ऐकू गेलं नव्हतं.

त्यानंतर कीबोर्ड कोणता घ्यायचा, पट्टी (म्हणजे गाण्याचा सा) कोणती धरायची, शब्द कसे निवडायचे, भोंगा कुठे बांधायचा, यातलं काहीही ठरवताना मी ती आजी डोळ्यांसमोर ठेवतो. खेड्यात राहून गाणी लिहायची, कीबोर्ड वाजवायचा आणि त्यातून समाजाचं काही बोलायचं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला लवकर कळावं.

पहिलं काम: सहा महिने नुसतं ऐका

कीबोर्ड घ्यायच्या आधी आपल्या भागात गाणं कसं चालत आलंय ते ऐका. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे. उत्तर लोकांच्या तोंडून यायचं, आणि लोकांनी स्वतः दिलेलं उत्तर लोक विसरत नाहीत. बाबांची भाषा आपली वऱ्हाडी. गाणं लिहिणाऱ्याला याहून मोठी शाळा नाही. तुमच्या गाण्यात असा एक प्रश्न असू द्या, की ज्याचं उत्तर समोरची मंडळी कोरसमध्ये देतील.

यावली गावचे तुकडोजी महाराज (१९०९ ते १९६८) हातात खंजिरी घेऊन उभे राहिले, आणि त्या एवढ्याशा वाद्यावर त्यांनी गावंच्या गावं जागी केली. १९४२ च्या चिमूरच्या उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती. इंग्रज सरकारने त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, यावरून त्या भजनांची ताकद ओळखा. आश्विनातल्या पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात, म्हणजे त्यांच्या आश्रमात, गावोगावची भजन मंडळं येतात. एकदा तिथे जाऊन नुसते बसा. खंजिरीची लय कुठे संथ चालते, कुठे चढते, शब्द येताना वाजवणारा हात कसा हलका करतो, ते बघा.

दीक्षाभूमीला अशोक विजयादशमीच्या गर्दीत भीमगीतांच्या पुस्तिकांची दुकानं लागतात. तिथून चार पुस्तिका आणा आणि वाचा. वामनदादा कर्डक मूळचे नाशिक जिल्ह्यातले, अक्षरओळख झाली ती मोठेपणी, पण त्यांनी हजारो गाणी रचली आणि ती विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत आजही पाठ आहेत. गाणं एकदा ऐकून पाठ व्हावं म्हणून ओळ किती छोटी ठेवावी, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

आणि पूर्वेकडे जा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ही झाडीपट्टी. दिवाळी झाली की तिथे मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ होतात, आणि नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे या नाटकांचं मोठं ठाणं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने रात्रभर नाटक चालतं, आणि रंगमंचासमोर बसलेले वादक पहाटेपर्यंत साथ करतात. या रंगभूमीवरच्या कामासाठी डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नव्या कीबोर्डवाल्याने एक तरी हंगाम तिथल्या ऑर्गनवाल्याजवळ बसून काढावा. नट ओळ विसरला तर वाजवणारा जागा कशी भरतो, हुंदका आला की किती थांबतो, हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत.

कीबोर्ड घेताना

पहिला कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा घ्या. त्यात चार गोष्टी हव्यात: बोट जोरात पडलं तर आवाज मोठा आणि हळू पडलं तर हलका येणं (टच), ट्रान्सपोज (बोटं तीच ठेवून पट्टी वर-खाली करणारं बटण), बाहेर आवाज काढायला जॅक, आणि जमल्यास पिच बेंडचं चाक. आपल्या मींडेसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, ते चाक लागतं. शेकडो टोन आणि रिदम दाखवून दुकानदार भुलवेल. खेड्यातल्या प्रबोधनाच्या कार्यक्रमात मी आजवर सात-आठ टोनांच्या पलीकडे गेलेलो नाही: पेटी, ऑर्गन, बासरी, शहनाई, सतार, पियानो, आणि अगदी जपून स्ट्रिंग.

जुना घ्यायचा असेल तर दिवसाउजेडी बघा. एकेक पट्टी आधी हळू, मग जोरात दाबा. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला तर आतलं रबर गेलंय. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का, जॅक हलवला की आवाज तुटतो का, ते तपासा. अ‍ॅडाप्टर मूळचाच मागा. कॅसिओच्या जुन्या मॉडेलना ९ व्होल्ट लागतात, यामाहाच्या बऱ्याच मॉडेलना १२, आणि पिनचं प्लस-मायनसही वेगळं असू शकतं. दुसऱ्याचा अ‍ॅडाप्टर लावून माझा एक कीबोर्ड ऐन नवरात्रात बंद पडला होता. तेव्हापासून अ‍ॅडाप्टरवर खडूने नाव घालतो.

आपल्याकडचं ऊन वाद्याला सोसत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा दिवसांत कीबोर्ड टिनाच्या खोलीत किंवा गाडीच्या टपावर ठेवू नका. प्रवासात वर ओली नव्हे, कोरडी सुती चादर टाका. पावसाळ्यात दिव्यावर पाखरं येतात आणि पट्ट्यांच्या फटीत शिरतात. म्हणून दिवा कीबोर्डच्या वर टांगू नका, चार हात बाजूला टांगा. जनरेटरवर वाजवायचं असेल तर चांगला स्टॅबिलायझर सोबत ठेवा, आणि सेलवर चालणारा कीबोर्ड असेल तर सेल भरूनच निघा. लाइट गेली तरी गाणं थांबत नाही.

पट्टी आणि ठेका

पहिल्या दिवसापासून पट्ट्यांची आपली नावं पाठ करा, कारण गाणारे तीच बोलतात. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. गाणारा "काळी दोन धर" म्हणाला की बोट आपोआप तिथे गेलं पाहिजे.

ट्रान्सपोजचं बटण वाईट नाही, पण त्याच्यावर विसंबू नका. पांढरी एक, काळी एक आणि पांढरी चार, निदान या तीन ठिकाणांहून सरगम हातात बसवा. बायकांचा बचत गट गाणार असेल तर आधी त्यांना बिनवाद्याचं गाऊ द्या. त्या कुठून उचलतात ते शोधा आणि तिथे पट्टी लावा. आपल्या सोयीची पट्टी त्यांच्या गळ्यावर लादली की उंचावरच्या ओळीत शब्द चिरके होतात आणि कळत नाहीत.

गावातली जुनी पेटी बरेचदा कीबोर्डशी तंतोतंत जुळत नाही. पेटी बदलता येत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'ट्यून' असतं, ते थोडं वर-खाली करून पेटीशी मिळवून घ्या. कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटं लागतात, पण ती न दिल्याने अख्खी रात्र बेसूर जाते.

ठेके सुरुवातीला दोनच पुरेत. केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ती, न क धी न. दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. बाकीचे सावकाश येतील. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. खंजिरी, ढोलक किंवा तबला वाजत असताना कीबोर्डचा स्वतःचा रिदम चालू करू नका. भजनाची लय शेवटाकडे चढत जाते आणि मशीन आपल्या जागीच राहते. मग खंजिरीवाला मशीनच्या मागे धावतो, आणि भजनातला जीव निघून जातो.

आता गाणं लिहायचं

इथे घाई करू नका. या कामाचा गाभा इथेच आहे.

नव्या मुलांच्या वह्या मी बघतो. त्यात "मुलगी शिकवा, समाज घडवा", "व्यसन सोडा, नाते जोडा" असल्या ओळी असतात. या भिंतीवर लिहायच्या ओळी आहेत. त्यांच्यात कोणी माणूस दिसत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की हे दुसऱ्या कोणाला सांगतायत. गाण्यात एक माणूस, एक वस्तू आणि एक जागा आली पाहिजे.

उदाहरण देतो. आमच्या बाजूच्या गावात सातवीनंतर मुली शाळा सोडत होत्या. मी आधी शिक्षणाच्या महतीवर बारा ओळी लिहिल्या. छान यमकं होती. गावात जाऊन दोन दिवस बसलो, तेव्हा एक बाई सरळ म्हणाली, "आमाले शिकवाची हौस नाही असं वाटते का तुमाले? यष्टीच येत नाही, पोरीले धाडू कशी?" त्या बारा ओळी मी फाडल्या आणि तिचंच वाक्य धरून लिहिलं:

यष्टी येत नाही बाप्पा, यष्टी येत नाही
सातवी झाली पोर माही, शाळेत जात नाही
दोन कोसाची वाट तिची, मधात आडवा नाला
दप्तर टांगलं खुंटीले, हाती इळा आला

यात उपदेशाचा एकही शब्द नाही. ऐकणारा स्वतःच विचारतो, मग करायचं काय? तो प्रश्न घेऊनच त्या गावची मंडळी पुढे डेपोत अर्ज द्यायला गेली.

लिहायची माझी रीत अशी. आधी ध्रुवपद. ते गावातल्याच कोणाच्या तोंडचं वाक्य असावं, फार तर आठ-दहा शब्दांचं. मग अंतरे. एका अंतऱ्यात एकच चित्र. तीन अंतरे पुरतात, चौथ्याला मागची रांग चुळबुळ करू लागते. झीलकऱ्यांना, म्हणजे मागून साथ धरणाऱ्यांना, म्हणायला सोपी जावी म्हणून ध्रुवपदाच्या शेवटी लांब स्वर ठेवा: 'नाही', 'आला', 'माये'. जोडाक्षरावर ओळ संपवली तर कोरस अडखळतो.

छंदांची ओळख हवीच. आपल्याकडच्या जुन्या साच्यांत अभंग सगळ्यात कामाचा, कारण तो प्रत्येकाच्या कानात आधीपासून बसलेला आहे. मोठ्या अभंगात चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. मात्रा मोजायच्या नाहीत, अक्षरं मोजायची. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली तेव्हा मी हा लिहिला:

बोंडअळी गेली
कापूस गिळून
हिशेब मिळून
शून्य बाकी

अक्षरं बोटांवर मोजून बघा. चाल लावायची गरजच पडली नाही. म्हाताऱ्यांनी ऐकता ऐकता टाळ धरला.

जात्यावरच्या ओव्या अजून काही बायकांना येतात. त्यांच्याजवळ बसा, विचारून लिहून घ्या, ध्वनिमुद्रण करायचं तर परवानगी घ्या. ओवीत बाई आपलं दुःख भावाला, सूर्याला, जात्याला सांगते. एखादा अवघड विषय, घरातली मारहाण म्हणा, सरळ बोलता येत नाही तेव्हा ही वाट उघडी असते.

भाषा वऱ्हाडी ठेवायची की प्रमाण? ज्या गावात गाणार तिथली ठेवा. 'माह्या', 'काहून', 'मंग' हे शब्द नुसते हशा पिकवायला वापरू नका. आपली बोली विनोदासाठीच आहे असं आपल्याच लोकांना वाटू लागलंय, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच बोलीत गंभीर गाणं म्हणून बघा. सभा क्षणात शांत होते. झाडीपट्टीत गेलात तर वऱ्हाडी शब्द तिथे तसेच रेटू नका. तिथली बोली निराळी आहे, तिथल्या माणसाकडून ओळी तपासून घ्या.

गाण्यातली माहिती चुकली तर

भाषणातली चूक लोक विसरतात. गाण्यातली चूक पाठ होते. म्हणून शेती, औषध, कायदा, योजना यांवर लिहाल तेव्हा कृषी सहायक, आशाताई, शिक्षक यांना ओळी वाचून दाखवा.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यावर लिहिताना नुसतं रडगाणं लिहून भागणार नव्हतं. औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण वाचता न येणाऱ्यालाही कळावा, एवढाच हेतू धरून मी लिहिलं:

लाल तिकोन सगळ्यात जहरी, मंग पिवळा, मंग निळा
हिरवा दिसला म्हून गड्या, समजू नको भोळा

हा विषारीपणाचा उतरता क्रम आहे. तो एका जाणत्या अधिकाऱ्याकडून तपासून घेतल्यावरच मी गाणं बाहेर काढलं. पुढच्या अंतऱ्यांत वाऱ्याच्या तोंडावर फवारू नको, उपाशीपोटी पंप उचलू नको, नोझल तोंडाने फुंकू नको, दोन औषधं मनाने मिसळू नको, असं एकेक सांगितलं. पेरणीनंतरच्या सभांमध्ये आजही हेच गाणं सगळ्यात जास्त मागतात.

शेतकरी आत्महत्येवर गाणं लिहिताना जास्तीत जास्त जपा. पश्चिम विदर्भात असं गाव शोधून सापडणार नाही जिथे ही सल नाही, आणि तुमच्या समोर बसलेल्यांत ते घर असणारच. कसा मेला ते गाण्यात आणू नका. त्याला हुतात्मा करू नका. एकाच कारणावर सगळं ढकलू नका. खऱ्या घराची गोष्ट नावासकट घेऊ नका, आणि नाव न घेताही घ्यायची असेल तर त्या माउलीला आधी विचारा. गाणं मरणावर संपवू नका. शेवटचा अंतरा शेजाऱ्याचा असू द्या, जो संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. आणि गाणं झाल्यावर वाद्य थांबवून शांतपणे सांगा: मन फार जड झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१. मी हे नंबर दोनदा सांगतो आणि कीबोर्डच्या स्टँडला पाटीवर लिहून लावतो.

वाजवताना शब्दांना वाट द्या

खेड्यात बरेचदा भोंगाच असतो. भोंग्यातून खालचे जाड स्वर नीट बाहेर येत नाहीत, मधले मात्र दणक्यात येतात, आणि माणसाचा आवाज त्याच मधल्या पट्ट्यात असतो. त्यामुळे डाव्या हाताने कितीही बास वाजवला तरी तो कोणाला ऐकू जात नाही, आणि उजव्या हाताने स्ट्रिंग धरून ठेवली की ती थेट शब्दांवर बसते. पारावरच्या त्या रात्री माझं हेच झालं होतं.

मग करायचं काय? गाणारा ओळ म्हणत असताना षड्जाची, म्हणजे 'सा'ची, हलकी आस द्या, एवढंच. ओळ संपली की मधल्या जागेत बोटं चालवा. पेटी किंवा बासरीचा टोन ठेवा. बासरी वर सरकवली तर शब्दांच्या आड येत नाही. कीबोर्डचा आवाज गाणाऱ्याच्या आवाजाहून नेहमी खाली. ध्रुवपदाला मोकळे व्हा, तिथे सगळं गाव गात असतं.

साउंडवाल्या दादाशी आधी बोला. दोन आउटपुट असलेल्या कीबोर्डचा 'एल/मोनो' लिहिलेला जॅक लावा, नाहीतर अर्धा आवाज गायब होतो. मोठ्या जॅकच्या दोन वायरी आपल्याच ठेवा. भोंगे माइकच्या मागे बांधू नका, शिट्टी वाजते. मग एका मुलाला मागच्या रांगेत पाठवा आणि गाण्याच्या दोन ओळी म्हणा. त्याने शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवले तरच कार्यक्रम सुरू करा. मी हे प्रत्येक वेळी करतो.

लाउडस्पीकरची परवानगी ठाण्यातून आयोजकांनी घेतली आहे का, ते विचारा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त १५, सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. त्या हिशेबाने महत्त्वाचं गाणं साडेनऊच्या आत घ्या. तेव्हा बायकाही बसलेल्या असतात.

पोट कसं चालायचं

नुसत्या प्रबोधनाच्या गाण्यांवर सुरुवातीची बरीच वर्षं घर चालत नाही. हे आधीच मनाशी धरून चला. मी ऑर्केस्ट्रात वाजवलं, धुमालमध्ये, म्हणजे वरातीच्या ताफ्यात, वाजवलं, हरिनाम सप्ताहात वाजवलं. त्यात कमीपणा नाही. हात तिथेच तयार होतो.

वर्षाची आखणी कामांप्रमाणे होते. श्रावणापासून भजनं, मग गणपती, नवरात्र. दिवाळीनंतर मंडई आणि झाडीपट्टीची नाटकं. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी, ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, तेव्हा शाळा-कॉलेजात बोलावतात. मग सप्ताह. ११ ते १४ एप्रिल फुले आणि आंबेडकर जयंतीचे दिवस, एकेका रात्री दोन-दोन गावं होतात. मग लग्नं. जून-जुलैत पेरणी असते, कोणी बोलवत नाही. ते दोन महिने लिहायचे.

बुद्धविहारात वाजवणारा आणि मारुतीच्या देवळात वाजवणारा कीबोर्डवाला एकच असावा, असं मला मनापासून वाटतं. दोन्हीकडे सारख्याच तयारीने जा. एका मंडळाने मला विचारलं होतं, "तिकडे वाजवून आला, मग इकडे कसा?" मी तिथली सुपारी परत केली आणि वस्तीतल्या कार्यक्रमाला गेलो. दोन वर्षांनी त्याच मंडळाने पुन्हा बोलावलं.

सुपारी घेताना तारीख, वेळ, किती जण, जाण्यायेण्याचा खर्च, जेवण, बिदागी, हे सगळं कागदावर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. थोडा इसार आधी घ्या. ढोलकवाल्याचा आणि झीलकऱ्यांचा वाटा कार्यक्रम संपला त्याच रात्री द्या. पुढाऱ्याच्या सभेत वाजवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी माझं गावासाठी लिहिलेलं गाणं कोणत्याही पक्षाच्या मंचावर म्हणत नाही, कारण मग गाव ते गाणं आपलं मानत नाही.

सरकारी योजनांच्या प्रचारासाठी कलापथकांची निवड होते. जिल्हा माहिती कार्यालयात आणि केंद्रीय संचार ब्युरोत त्याची चौकशी करा. कार्यक्रमपत्रिका, कात्रणं, ग्रामपंचायतीचे दाखले पहिल्या दिवसापासून एका फाइलीत लावा. तिथेही लागतात, आणि म्हातारपणी कलावंत मानधनाचा अर्ज करायची वेळ आली तर तेव्हाही. आमच्या भागातले कितीतरी जुने शाहीर केवळ कागद नाहीत म्हणून रिकाम्या हातांनी परतले.

गाणं आपल्या नावावर

गाणं लिहून झालं की त्याच क्षणी त्याचा हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी वाद झाला तर नोंदणी उपयोगी पडते. शब्दांची वेगळी, चालीची वेगळी, प्रत्येकी ५०० रुपये फी. हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. एखादी कंपनी "एकरकमी पैसे घ्या आणि सही करा" म्हणाली तर कागद घरी आणून जाणत्याला दाखवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहज लिहून घेता येत नाही. १९६९ पासून चालू असलेल्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद होता येतं, ती ही रॉयल्टी गोळा करून देते.

सिनेमाच्या चालीवर शब्द बसवायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पारावर कोणी अडवत नाही, पण तेच यूट्यूबवर टाकलं की चालीचा मालक दावा लावतो. स्वतःची चाल करा. अवघड वाटत असेल तर आजीकडून शिकलेल्या ओवीपासून सुरू करा.

रेकॉर्डिंग मोबाइलवरही बरं होतं. रात्री, पंखा बंद करून, भिंतींना गोधड्या टांगून. आवाज आणि कीबोर्ड वेगळे रेकॉर्ड करता आले तर उत्तम. व्हिडिओखाली सगळे शब्द लिहा.

आठ दिवसांनी परत जा

कार्यक्रम झाल्याच्या रात्री कोण काय म्हणतं यावर जाऊ नका, त्या रात्री सगळेच चांगलं म्हणतात. आठ-दहा दिवसांनी त्या गावात पुन्हा जा, शक्यतो निंदणाच्या दिवसांत, आणि धुऱ्यावर बसून ऐका. बायका काही गुणगुणत असतील तर वही काढा. कोणती ओळ त्यांनी ठेवली, कोणती गाळली, कुठला शब्द बदलला, ते लिहून घ्या.

यष्टीच्या गाण्यात मी आधी "दप्तर पडलं कोनाड्यात" असं लिहिलं होतं. तुरीच्या वावरात निंदणाऱ्या बायका "दप्तर टांगलं खुंटीले" म्हणत होत्या. मी विचारलं, असं काहून? त्यातली एक म्हणाली, "कोनाड्यात टाकलेलं इसरून जाते माणूस. खुंटीवरचं रोज दिसते." पुढच्या कार्यक्रमापासून मी त्यांचीच ओळ म्हणतो.